फलक, रेघ आणि दंड : वाहन उभे करण्याच्या मनाईचा इतिहास व नागरिकाची हरकत (जठारपेठ, अकोला यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

रस्त्यावर वाहन उभे करण्यास मनाई करणारा फलक हा सर्वसाधारणपणे पोलीस प्रशासनाच्या सोयीचे साधन समजला जातो. तथापि कायद्याच्या इतिहासाचा मागोवा घेतल्यास फलक हे मनाईच्या प्रसिद्धीचे साधन असल्याचे दिसून येते. प्रस्तुत निबंधात १८६१च्या पोलीस अधिनियमापासून २०२१च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीपर्यंतच्या तरतुदींचा आढावा घेण्यात आला आहे. अस्पष्ट फलक व पुसट रेघ यांच्या आधारे दंडास घेतलेली हरकत ही कायद्यातील पळवाट नसून शासनाला त्याच्या प्राथमिक कर्तव्याची दिलेली आठवण होय, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वाहनतळ, वाहतूक चिन्हे, अधिसूचना, प्रसिद्धी, मोटार वाहन अधिनियम, वऱ्हाड, अकोला.

१. प्रस्तावना

मोर्णा नदीने अकोला शहराचे जुने व नवे असे दोन भाग केले आहेत. पश्चिमेस असदगड किल्ल्याभोवतीचे जुने शहर, तर पूर्वेस ताजनापेठ, रामदासपेठ, जठारपेठ अशा पेठांनी वाढत गेलेले नवे शहर अशी त्याची रचना आहे. ‘पेठ’ या शब्दातच बाजार आणि वस्ती यांचे एकत्र असणे अभिप्रेत आहे. पायी येणारे गिऱ्हाईक, बैलगाडी, सायकल आणि टांगा यांच्या हिशेबाने आखलेल्या पेठेत स्कूटर आणि मोटार आली तेव्हा रस्त्याची रुंदी तीच राहिली, पण त्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांची संख्या मात्र वाढत गेली. जठारपेठेसारख्या भागात राहती घरे, दुकाने आणि दवाखाने एकाच रस्त्यावर असल्याने वाहन कोठे उभे करावे हा प्रश्न तेथील नागरिकाला रोज पडतो.

या प्रश्नाचे उत्तर नागरिकाने कोठे शोधावे? पोलीस ठाण्यात, राजपत्रात की रस्त्यावर? वाहन उचलून नेले गेल्यावर किंवा दंडाचे चलान हाती पडल्यावर तो जेव्हा म्हणतो की, “येथे पाटीच नव्हती,” तेव्हा त्याच्या या म्हणण्याला कायद्यात स्थान आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न शे-पाचशे रुपयांच्या दंडाचा आहे. परंतु न कळविलेल्या आज्ञेचा भंग केल्याबद्दल शिक्षा देता येते काय, हा राज्यव्यवस्थेतील एक मूलभूत प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. त्या दृष्टीने या विषयाचा ऐतिहासिक अभ्यास आवश्यक ठरतो.

२. बैलगाडीचा काळ : अडथळा हाच अपराध

वाहन उभे करण्याचा अपराध मोटारीपेक्षा जुना आहे. १८६१च्या पोलीस अधिनियमातील कलम ३४ मध्ये रस्त्यावरील काही कृत्यांना शिक्षा सांगितली आहे. माल भरण्या-उतरविण्यास किंवा उतारू घेण्या-सोडण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ गाडी अथवा जनावर उभे ठेवणे, तसेच लोकांस गैरसोय वा धोका होईल अशा रीतीने गाडी सोडून जाणे यांचा त्यात समावेश होतो. त्यासाठी पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा आठ दिवसांपर्यंत कैद अशी शिक्षा होती.

या कलमाच्या दोन वैशिष्ट्यांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहिले असे की, येथे अपराधाचे स्वरूप डोळ्यांना दिसणारे होते. रस्ता अडला, लोकांना त्रास झाला, म्हणून शिक्षा. कोणत्याही पाटीची गरज त्यात नव्हती. दुसरे असे की, हे कलम सर्वत्र आपोआप लागू नव्हते. ज्या नगरांस शासनाने ते विशेषत्वाने लागू केले असेल त्याच नगरांत ते अमलात येई. म्हणजे अडथळ्याच्या साध्या अपराधासाठीही ‘हा नियम येथे लागू आहे’ असे आधी जाहीर करणे शासनावर बंधनकारक होते.

वऱ्हाडच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळक होते. १८५३च्या करारान्वये निजामाकडून हा प्रदेश ब्रिटिश प्रशासनाखाली आला. १९०२च्या नव्या करारानंतर १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाशी जोडण्यात आला. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. त्यामुळे नागपुरात लागू असलेला अधिनियम अकोल्यात आपोआप लागू होत नसे. त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागे. पुढे वऱ्हाड कायदे अधिनियम, १९४१ या अधिनियमाने अनेक केंद्रीय अधिनियम वऱ्हाडास लागू केले. कायदा असणे आणि तो ‘येथे’ लागू असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वऱ्हाडच्या प्रशासकीय इतिहासात अशा प्रकारे पावलोपावली आढळते.

गाड्या कोठे उभ्या राहाव्यात याची व्यवस्था करण्याचा अनुभवही वऱ्हाडास कापसाच्या व्यापारामुळे लवकर आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचल्यानंतर वऱ्हाडातील कापसाच्या बाजारपेठांचे महत्त्व झपाट्याने वाढले. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार नियमनाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजार कायदा करण्यात आला. भारतातील नियंत्रित बाजारांच्या इतिहासात या कायद्यास अग्रस्थान दिले जाते. कोणता बाजार कायद्याच्या कक्षेत येतो हे जाहीर करणे आणि त्यावर समिती नेमणे ही या व्यवस्थेची पद्धत होती. जागा आधी जाहीर करावी, नियम मागाहून लावावा, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

३. दवंडी, राजपत्र आणि फलक

राजाज्ञा लोकांपर्यंत पोहोचविण्याचे जुने साधन म्हणजे दवंडी. चावडीवर वा चौकात डफ वाजवून आज्ञा पुकारली गेली की ती सर्वांना कळली असे मानले जाई. हे साधन आधुनिक कायद्यानेही टाकून दिलेले नाही. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि पुढे मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ या प्रदेशास लागू झाला. या अधिनियमाच्या (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम ३३ अन्वये रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करणारे नियम करता येतात. कलम १६३ मध्ये जाहीर सूचना कशी द्यावी हे सांगितले आहे. सूचना लेखी व सक्षम अधिकाऱ्याच्या सहीची असावी आणि ती संबंधित भागात ठळक सार्वजनिक जागी चिकटवून, दवंडी पिटून अथवा स्थानिक वृत्तपत्रांत देऊन प्रसिद्ध करावी, अशी ती तरतूद आहे. ज्या भागावर परिणाम होणार त्याच भागात सूचना पोहोचली पाहिजे, हे या कलमाचे मर्म होय.

मोटारीने या पद्धतीपुढे नवी अडचण निर्माण केली. दवंडी ऐकणारा माणूस गावातला असतो. मोटारीतून येणारा परगावचा असू शकतो. त्याने कालची दवंडी ऐकलेली नसते आणि त्या गावचे वृत्तपत्रही वाचलेले नसते. म्हणून आज्ञा त्या जागीच सतत उभी असणे गरजेचे झाले. रस्त्याच्या कडेचा फलक हा या अर्थाने अखंड चालू असलेली दवंडी होय.

भारतात १९१४च्या मोटार वाहन अधिनियमानंतर १९३९चा अधिक विस्तृत अधिनियम आला. या अधिनियमाच्या कलम ७५ ने वाहतूक चिन्हे उभारण्याचा, तर कलम ७६ ने वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार दिला आणि कलम ७८ ने चिन्हे पाळण्याचे कर्तव्य चालकावर घातले. नवव्या अनुसूचीत चिन्हांचे नमुने देण्यात आले. तत्पूर्वी १९३१ मध्ये जिनिव्हा येथे रस्त्यावरील चिन्हांच्या एकसूत्रीकरणाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. धोक्यासाठी त्रिकोण आणि आज्ञा वा मनाईसाठी वर्तुळ ही विभागणी त्या काळात जगभर रूढ होत होती. अक्षरओळख नसलेल्यास किंवा त्या प्रदेशाची लिपी न येणाऱ्यासही आज्ञा कळावी हा त्यामागील हेतू होता.

याच सुमारास भारतातील रस्तेविषयक तांत्रिक विचारासही संस्थात्मक रूप आले. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपूर येथे झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून देशाच्या रस्तेविकासाची ‘नागपूर योजना’ पुढे आली. रस्त्यावरील रेघांविषयीची आयआरसी ३५ ही संहिता १९७० मध्ये आणि फलकांविषयीची आयआरसी ६७ ही संहिता १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पुढे दोन्ही संहितांमध्ये वेळोवेळी सुधारणा झाल्या. वाहन उभे करण्यास मनाई दर्शविणारी पिवळी रेघ आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल कडा व तिरपी लाल पट्टी असलेला गोल फलक हे या परंपरेतून रूढ झालेले संकेत आहेत.

४. प्रसिद्धीचे तत्त्व : १९५१चा निर्णय

अप्रसिद्ध आज्ञेच्या भंगाबद्दल शिक्षा देता येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात १९५१ मध्ये आला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठरावाद्वारे अफूविषयक कायदा केला होता. परंतु तो राजपत्रात वा अन्य कोणत्याही मार्गाने प्रसिद्ध करण्यात आलेला नव्हता. या कायद्याखाली अपीलकर्त्यास पन्नास रुपये दंड झाला होता. न्यायालयाने तो दंड रद्द केला. ज्या कायद्याची माहिती प्रजेला नाही आणि योग्य प्रयत्न करूनही जी तिला मिळू शकली नसती, त्या कायद्याखाली तिला शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे तत्त्व या निर्णयात मांडण्यात आले.

हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरचे होते. नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९४९ पासून मुख्य न्यायाधीश अशी पदे त्यांनी भूषविली होती. वऱ्हाडातील जिल्हे त्या काळी याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. दंडाची रक्कम अवघी पन्नास रुपये असूनही न्यायालयाने तत्त्वाचा प्रश्न क्षुल्लक मानला नाही, ही बाब आजच्या चलानांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. पुढे १९८७ मध्ये बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात दुय्यम विधिविधानही योग्य रीतीने प्रसिद्ध झालेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने वेगळी भूमिका घेतली. झुरिकहून मनिलाकडे जाणाऱ्या विमानातील एका परदेशी प्रवाशाजवळ मुंबईच्या विमानतळावर ३४ किलो सोने सापडले होते. रिझर्व्ह बँकेची संबंधित अधिसूचना चारच दिवस आधी भारताच्या राजपत्रात आली होती. ती आपणास ठाऊक नव्हती हा त्याचा बचाव न्यायालयाने अमान्य केला. राजपत्रातील प्रसिद्धी सामान्यतः पुरेशी आहे, असा याचा अर्थ होतो.

मग वाहन उभे करण्याच्या मनाईस राजपत्र पुरेसे का नाही? याचे उत्तर असे की, वाहतुकीच्या बाबतीत विधिमंडळाने स्वतःच राजपत्राच्या पुढे एक पायरी घातली आहे. ती पायरी म्हणजे फलक.

५. १९८८चा अधिनियम : फलकाचे कायदेशीर स्थान

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील पुढील तरतुदी एकत्र वाचणे आवश्यक आहे.

कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी विशिष्ट रस्त्यावर वाहने चालविण्यास राजपत्रातील अधिसूचनेद्वारे मनाई वा निर्बंध करता येतो. अशी मनाई केल्यावर योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हे उभारण्याची व्यवस्था शासनाने करावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. एक महिन्यापेक्षा अधिक नसलेल्या मनाईस राजपत्राची गरज नाही; मात्र परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी देणे आवश्यक आहे.

कलम ११६ नुसार अशी मनाई लोकांच्या निदर्शनास आणण्यासाठी किंवा सर्वसाधारणपणे वाहतूक नियमनासाठी चिन्हे उभारता येतात. ज्या प्रयोजनासाठी अनुसूचीत तरतूद आहे त्यासाठीचे चिन्ह अनुसूचीतील आकाराचे, रंगाचे व प्रकाराचे असले पाहिजे. राज्य शासन आपल्या पसंतीच्या लिपीतील शब्द त्यास जोडू शकते. अधिकृत चिन्हांखेरीज अन्य चिन्ह रस्त्यावर वा रस्त्यालगत उभारता येत नाही. वाहतूक चिन्ह झाकणारी किंवा त्यासारखी दिसून दिशाभूल करणारी जाहिरात पोलीस अधिकाऱ्यास हटविता येते.

कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरविताना स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. कलम ११९ नुसार चालकाने ‘अनिवार्य चिन्हा’चे पालन करावयाचे असते. अनिवार्य चिन्ह म्हणजे अनुसूचीच्या भाग ‘अ’ मधील चिन्ह अथवा त्यासारखे, लाल पृष्ठभाग वा लाल कडा असलेले आणि कलम ११६ अन्वये उभारलेले गोल चिन्ह होय. कलम १२७ नुसार वाहन उचलून नेण्याचा अधिकार ‘कायद्याने मनाई असलेल्या’ जागेपुरता, तसेच दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेल्या वाहनांपुरता आहे.

या तरतुदींतून चालकाचे कर्तव्य आणि शासनाचे कर्तव्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. चिन्ह पाळण्याचे बंधन चिन्ह योग्य रीतीने उभारलेले असण्यावर अवलंबून आहे. चिन्ह नसेल, झाडाच्या फांद्यांनी वा जाहिरातीने झाकलेले असेल, गंजून वाचण्यापलीकडे गेले असेल किंवा अधिकृतच नसेल, तर चालकाच्या कर्तव्याचा पायाच डळमळीत होतो.

६. जठारपेठेतील वाहनचालक : चार प्रसंग

उपरोक्त तत्त्वे जठारपेठेसारख्या पेठेतील नेहमीच्या प्रसंगांना लावून पाहिल्यास चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार खाजगी पाट्यांचा. घराच्या फाटकावर किंवा दुकानासमोर मालकाने स्वतः रंगविलेली ‘नो पार्किंग’ची पाटी हे कलम ११६ खालील चिन्ह नव्हे. केवळ त्या पाटीच्या आधारे दंड टिकणे कठीण आहे. परंतु म्हणून दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावता येते असे मात्र नाही. १९८९च्या रस्ता नियमविनियमांतील विनियम १५ ने चौक, वळण, पादचारी मार्ग, बसथांबा, शाळा वा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, एखाद्या जागेचे प्रवेशद्वार, दुसऱ्या उभ्या वाहनालगतची जागा इत्यादी ठिकाणी वाहन उभे करण्यास सरसकट मनाई केली होती. हे विनियम २०१७ मध्ये बदलले गेले, तरी त्यामागील दृष्टी कायम आहे. अशा जागी पाटी नव्हती हा बचाव चालत नाही. कारण ती जागाच सूचना देत असते. १८६१च्या कलम ३४ चे ‘अडथळा’ हे तत्त्व येथे जिवंत आहे.

दुसरा प्रकार सम-विषम तारखांचा. एका तारखेस रस्त्याच्या एका बाजूस व दुसऱ्या तारखेस विरुद्ध बाजूस वाहने उभी करण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक शहरांत आहे. ही मनाई जागेकडे पाहून कळत नाही. ती सर्वस्वी फलकावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंचे फलक शाबूत नसतील तर काल योग्य असलेली जागा आज अयोग्य झाली हे परगावच्या माणसाला समजण्याचा कोणताच मार्ग उरत नाही.

तिसरा प्रकार पुसट रेघांचा. रस्त्याचे डांबरीकरण झाल्यावर किंवा रंग उडाल्यावर पिवळी वा पांढरी रेघ नाहीशी होते. उपरोक्त विनियम १५ मध्येच, वाहन उभे करण्याची रीत फलकाने वा रस्त्यावरील खुणांनी दर्शविलेली असल्यास त्याप्रमाणे ते उभे करावे, असे म्हटले होते. ‘दर्शविलेली असल्यास’ ही अट येथे निर्णायक आहे. जी खूण दिसतच नाही तिने काही दर्शविले असे म्हणता येत नाही.

चौथा प्रकार अधिकाराचा. रस्ता महानगरपालिकेचा, नियमन पोलिसांच्या वाहतूक शाखेचे आणि अधिसूचना शासनाची वा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची, अशी जबाबदारीची विभागणी झालेली आहे. अकोला महानगरपालिका २००१ मध्ये अस्तित्वात आली; तत्पूर्वी तेथे नगरपालिका होती. फलक लावणारा एक, आदेश काढणारा दुसरा आणि दंड करणारा तिसरा असल्याने, प्रत्यक्ष फलकामागे वैध अधिसूचना आहे काय हा प्रश्न नागरिकास विचारता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांच्या अर्जावर अधिसूचनेची प्रत आणि फलक उभारल्याची नोंद मागता येते. संबंधित कार्यालयाने सर्वसाधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

७. न्यायनिर्णयांची विरळता आणि तिची कारणे

फलकांच्या अस्पष्टतेविषयी भारतीय उच्च न्यायालयांचे प्रसिद्ध निर्णय विरळ का, याचे उत्तर दंडाच्या रकमेत दडलेले आहे. १९८८च्या अधिनियमातील कलम १७७ नुसार पहिल्या अपराधासाठी कमाल दंड शंभर रुपये होता. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ३७६ नुसार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने केलेल्या शंभर रुपयांपर्यंतच्या दंडावर अपील करता येत नसे. हे दोन आकडे एकत्र ठेवले म्हणजे जवळजवळ तीन दशके पहिल्या अपराधाच्या दंडावर अपिलाचे दारच बंद होते हे लक्षात येते. पुनरीक्षणाचा मार्ग होता. परंतु शंभर रुपयांसाठी वकील व हेलपाटे यांचा खर्च कोण करणार? त्यातच कलम २०० अन्वये जागेवरच तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविण्याची सोय होती. परिणामी नागरिकाची हरकत चौकातच विरून गेली. ती ना न्यायालयाच्या दप्तरात आली, ना इतिहासाच्या साधनांत.

२०१९च्या दुरुस्तीने कलम १७७ खालील दंड पहिल्या अपराधास पाचशे व पुढील अपराधास दीड हजार रुपयांपर्यंत वाढविला. दंड वाढल्याची तक्रार सर्वत्र झाली. मात्र त्यामुळे तो शंभर रुपयांची मर्यादा ओलांडून अपिलाच्या कक्षेत आला, याकडे फारसे लक्ष गेले नाही. याच दुरुस्तीने कलम १९८ अ द्वारे रस्त्याची रचना व देखभाल यांची मानके न पाळणाऱ्या प्राधिकरणास वा कंत्राटदारास, त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास, एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. रस्त्याविषयीचे कर्तव्य दुहेरी आहे हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले.

भारतीय निर्णय विरळ असल्याने इंग्लंडमधील निर्णयांशी तुलना उपयुक्त ठरते. कारण १९३९चा आपला अधिनियम त्याच विधिपरंपरेतील आहे. १९६७च्या जेम्स विरुद्ध केव्ही या प्रकरणात, वाहन उभे करण्यावरील निर्बंधाची पुरेशी माहिती फलकांद्वारे देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणाने पाळले नसल्याने शिक्षा टिकली नाही. १९७१च्या डेव्हिस विरुद्ध हीटली या प्रकरणात रस्त्यावरील पांढऱ्या रेघा विहित नमुन्याच्या नव्हत्या. त्यांचा अर्थ चालकाला समजण्याजोगा असूनही अपराध सिद्ध होत नाही असे ठरले. याउलट २०११ मध्ये सुंदरलँड शहराविषयीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने, फलक व रेघांतील किरकोळ उणिवांमुळे संपूर्ण नियंत्रित क्षेत्र अवैध ठरत नाही, असा निर्णय दिला. चाळीस वर्षांत तेथील विचार नमुन्याच्या काटेकोरपणाकडून प्रत्यक्ष सूचना पुरेशी होती काय या कसोटीकडे सरकलेला दिसतो. ही कसोटी अधिक न्याय्य आहे. तिच्यामुळे खरोखर अनभिज्ञ असलेल्या चालकास संरक्षण मिळते. फलक दिसूनही त्याच्या रंगछटेवर वाद घालणाऱ्यास मिळत नाही.

८. कॅमेऱ्याचा काळ

पूर्वी चौकात पोलीस शिपाई उभा असे. “साहेब, पाटी कुठे आहे?” असे त्याला विचारता येई आणि प्रसंगी तोही मान्य करून वाहन सोडून देई. इलेक्ट्रॉनिक चलानाने हा संवाद संपविला. दंडाची सूचना भ्रमणध्वनीवर कित्येक दिवसांनी येते. तोवर त्या जागी काय होते हे चालकास आठवतही नाही.

या बदलाची दखल ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या नियम १६७ अ ने घेतली. त्यात दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील शहरे यांचा समावेश करण्यात आला. महाराष्ट्रातील एकोणीस शहरांच्या त्या यादीत अकोला व अमरावती ही दोन्ही शहरे आहेत. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची नजर असलेल्या टप्प्यापूर्वी सूचनाफलक ठळकपणे लावणे, अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठविणे, सूचनेत छायाचित्र, ठिकाण, दिनांक व वेळ देणे आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नोंद जतन करणे अशी कर्तव्ये या नियमाने घातली. माणसाच्या जागी यंत्र आले तरी पूर्वसूचनेचे तत्त्व सोडलेले नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर येथे राज्यातील पहिल्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. वाहतूक चलानाच्या प्रकरणात अपराध मान्य करणाऱ्यास ऑनलाइन दंड भरता यावा आणि तो अमान्य करणाऱ्याचे प्रकरण स्थानिक अधिकारक्षेत्राच्या न्यायालयाकडे जावे, अशी ही पद्धत आहे. दंड भरणे सोपे झाले. हरकत घेणे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले. ज्याला न्यायालयात जाण्यासाठी एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो, तो चूक नसतानाही दंड भरून मोकळा होतो. तडजोड शुल्क भरणे म्हणजे फलक स्पष्ट असल्याची कबुली नव्हे. ती अनेकदा केवळ हतबलता असते.

म्हणूनच हरकत घेणाऱ्याने पुरावा वेळीच गोळा करणे अगत्याचे आहे. चालकाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेले फलकाचे छायाचित्र, रस्त्याच्या दोन्ही टोकांची दृश्ये, रेघेची अवस्था, दिनांक व वेळ यांची नोंद आणि अधिसूचनेची प्रत ही त्याची साधने होत. शासनाच्या दृष्टीनेही केवळ दंडाने शिक्षापात्र असलेल्या अपराधाची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घेतली पाहिजे, ही कालमर्यादा दुर्लक्षून चालणार नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) वाहन उभे करण्याच्या अपराधाचे दोन ऐतिहासिक प्रवाह आहेत. एक अडथळ्याचा, जो १८६१ पासून चालत आला असून त्यास फलकाची गरज नाही. दुसरा जाहीर मनाईचा, जो १९३९ नंतर विकसित झाला असून फलकाशिवाय अपुरा आहे. हरकतीची योग्यायोग्यता ठरविताना या दोन प्रवाहांत गल्लत करू नये.

(२) वऱ्हाडच्या प्रशासकीय इतिहासात कायद्याचे अस्तित्व आणि त्याची स्थानिक लागूता यांत सातत्याने भेद केला गेला. जठारपेठेतील फलक हा त्याच भेदाचा आजचा, रस्त्याच्या पातळीवरील आविष्कार आहे.

(३) अल्प दंड, अपिलावरील निर्बंध आणि तडजोडीची सोय यांमुळे या विषयावरील न्यायनिर्णय विरळ राहिले. न्यायनिर्णय विरळ आहेत म्हणून तक्रारीही विरळ होत्या असा अर्थ काढणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने सदोष ठरेल.

(४) महानगरपालिका व वाहतूक शाखा यांनी पेठनिहाय मनाईच्या रस्त्यांची, त्यामागील अधिसूचनांची व फलकांच्या शेवटच्या पाहणीच्या दिनांकाची सूची नागरिकांस पाहण्यासाठी खुली ठेवल्यास बहुतेक वाद निर्माणच होणार नाहीत.

१९५१ मध्ये पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या प्रसिद्धीचा विचार केला होता. आज पाचशे रुपयांच्या चलानावर “पाटी कोठे होती?” असे विचारणारा अकोल्यातील नागरिक तोच प्रश्न विचारीत असतो. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दंड करणाऱ्यावर आहे. आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे वेळेवर रंगविलेली रेघ व स्पष्ट दिसणारा फलक होय.